मु. पो. लोबर्न

संध्याकाळचे साडेपाच वाजून गेलेत, पण ऊन अजून तीनचंच आहे. जानेवारी २०२५, म्हणजे इथला ऐन उन्हाळा. सूर्य मावळायला साडेनऊ होतील. न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर, सेंट्रल ओटागो भागात, क्रॉमवेल गावाच्या उत्तरेला डन्स्टन सरोवराचा एक फाटा जमिनीत घुसलाय. त्याच्या काठाला लोबर्न. पश्चिमेला पायसा डोंगररांग, पूर्वेला डन्स्टनचे डोंगर, आणि दोन्ही उघडेबोडके. उतारांवर रानटी थाइम माजलाय. सोनं शोधायला आलेल्या लोकांबरोबर तो इथं आला, असं सांगतात. वारा सुटला की त्याचा वास खाली येतो आणि थेट ओव्याची आठवण होते.

काठावर गाड्या लागल्यात. चाळीसेक तरी असतील. इथं त्यांना गाड्या म्हणणं जिवावर येतं. एकीला पडदे आहेत, दुसरीच्या खिडकीत पुदिन्याची कुंडी आहे. एका जुन्या बसच्या मागच्या काचेवर नवराबायकोची नावं रंगवलीत, खाली नातवंडांचे हाताचे ठसे. मोठ्या मोटरहोमला एका बाजूनं छपरी बाहेर येते, तिच्याखाली चटई, चटईवर म्हातारा कुत्रा. त्यांच्या मधूनमधून साध्या डिलिव्हरी व्हॅन. आत फळ्या ठोकून पलंग केलेला, ओट्याच्या जागी प्लायवूड. भारी गाडी आणि हलकी गाडी शेजारी लागलेली आहे आणि दोघींपुढे पाणी तेच आहे. रात्रीचा मुक्काम इथं फुकट मिळतो. फक्त काही अटी आहेत.

भाची आमची भाड्याची कॅम्परव्हॅन मागे घेत घेत दोन गाड्यांच्या मध्ये लावते. क्राइस्टचर्चला नर्स आहे ती, रात्रपाळ्या करून सुट्ट्या साठवते. इंजिन बंद करून ती आधी पाटीपाशी जाते, पूर्ण पाटी वाचते, मग परत येऊन समोरच्या काचेवरच्या हिरव्या कार्डावर बोट ठेवते.

"मावशी, हे बघून ठेव. हे नसतं तर आपण इथं थांबूच शकलो नसतो."

हिरवं कार्ड म्हणजे गाडी 'सेल्फ-कंटेन्ड' असल्याचा दाखला. आतल्या माणसांना तीन दिवस बाहेरून पाणी घ्यावं लागू नये आणि बाहेर काही टाकावं लागू नये, एवढी सोय गाडीत हवी. पिण्याच्या पाण्याची टाकी, सांडपाण्याची टाकी, झाकणाचा केरडबा आणि संडास. पूर्वी निळं कार्ड होतं, त्यात सुटा, उचलून ठेवायचा संडास चालायचा. लोक तो कपाटाच्या तळाशी टाकून देत आणि गरज लागली की झुडपामागे जात. म्हणून २०२३ च्या कायद्यानं संडास गाडीला कायमचा बसवलेला हवा असं केलं, आणि तोही पलंग उघडलेला असताना वापरता यायला हवा. शेवटची अट ज्यानं कुणी घातली त्यानं व्हॅनमध्ये रात्र काढलेली असणार. आमच्या व्हॅनमध्ये पलंग उघडला की संडासाचं दार अर्धंच उघडतं. अर्धं पुरतं.

शेजारच्या मोटरहोमसमोर खुर्च्या गोलात मांडायला सुरुवात झालीय. कुणी कुणाला हाक मारत नाही. लोक आपापली घडीची खुर्ची, आपापला ग्लास आणि काहीतरी चघळायला घेऊन येतात आणि बसतात. याला हॅपी आवर म्हणतात. नाव बारवाल्यांचं, पण या लोकांनी ते कधीच पळवलंय. भाची दोन खुर्च्या उचलते, मी चिवड्याचा डबा घेते. डबा पाच मिनिटांत गोल फिरून रिकामा परत येतो, मग कुणीतरी त्यात क्रॉमवेलच्या बागेतल्या चेरी भरून ठेवतं.

गोलात बहुतेक पिकली पानं आहेत. दक्षिणेतल्या एका शाळेतून निवृत्त झालेल्या बाई, मेंढ्यांची लोकर कातरण्याची कंत्राटं घेणारा एक गडी, नेल्सनहून आलेलं जोडपं. एक तरुण कुटुंब आहे. त्यांनी शाळेची बस विकत घेऊन तिचं घर केलंय आणि त्यांची दोन पोरं पाण्यात आहेत. बऱ्याच गाड्यांवर पंखांचं चिन्ह आहे. न्यूझीलंड मोटर कॅरव्हॅन असोसिएशनचं ते बोधचिन्ह. संस्था १९५६ ची आहे. मूठभर हौशी कुटुंबांनी सुरू केलेली, आज सभासद लाखाच्या वर. पन्नास लाखांच्या आसपास वस्तीच्या देशात लाखभर माणसं एका छंदाखाली जमा झाली की मंत्र्याला फोन उचलावा लागतो. संस्थेचे स्वतःचे स्वस्त तळ आहेत. सभासदांना आपल्या शेतात, अंगणात रात्र काढू देणाऱ्या लोकांची यादी आहे. गावोगावी मैला रिकामा करायची केंद्रं उभारायला ती पैसाही देते. आणि वेळ आली की ती कोर्टात जाते.

आज बोलणं त्या कोर्टावरूनच सुरू होतं. गोलाच्या मध्यावर बसलेला माणूस निवृत्त प्लंबर आहे. या चळवळीला प्लंबर पुढारी मिळावा हे मला फार योग्य वाटतं. त्याच्या मांडीवर कायद्याची छापील प्रत आहे, पानांना कपड्यांचे चिमटे लावलेत, वारा आहे म्हणून.

"जिंकलो म्हणून नाचू नका," तो म्हणतो.

जिंकले ते असं. इथून तासाभरावर क्वीन्सटाउन आहे. तिथल्या जिल्हा कौन्सिलनं २०२१ मध्ये फुकट मुक्कामावर बंधनं घालणारा उपविधी केला. संस्थेनं त्याला आव्हान दिलं आणि सप्टेंबर २०२४ मध्ये हायकोर्टानं तो रद्द केला. कारण असं की कायद्यात बसत नाहीत अशा गोष्टी कौन्सिलनं निर्णय करताना विचारात घेतल्या होत्या. आता या उन्हाळ्यात त्या गावात उपविधीच नाही. लोक गल्ल्यांमधून, घरांसमोर व्हॅन लावून झोपतायत आणि गावकऱ्यांचं डोकं फिरलंय.

"कौन्सिल पुन्हा मसुदा आणणार, कधी ना कधी," प्लंबर सांगतो. "लोकांची मतं मागवणार. तेव्हा प्रत्येकानं लिहायचं. नुसती सही नको. शंभर माणसांनी एकच मजकूर उतरवून पाठवला तर त्याचं वजन एका माणसाएवढंच."

शिक्षिका बाई वही काढतात. "काय लिहायचं? आपण त्यांच्या गावात डिझेल भरतो, किराणा घेतो, कॉफी पितो, हे लिहू?"

"लिहा, पण शेवटी. कायदा काय विचारतो ते आधी बघा."

आणि तो चिमटा काढून वाचायला लागतो. मी कायद्याची वाचनं पुष्कळ ऐकलीत, बहुतेक पेंगत. इथं गोलातली माणसं पुढे वाकून ऐकतायत. २०११ चा फ्रीडम कॅम्पिंग कायदा, म्हणजे या फुकट मुक्कामाचा कायदा, रग्बी विश्वचषकाच्या तोंडावर घाईनं झाला. परदेशी पाहुण्यांचा लोंढा येणार म्हणून कौन्सिलांना दंडाचे अधिकार हवे होते. पण घाईतही मसुदा करणाऱ्यांनी पाया उलटा घातला नाही. कौन्सिलच्या जमिनीवर मुक्कामाला मुळात मोकळीक आहे. बंदी घालायची तर कौन्सिलनं कारण दाखवायचं. कारणंही तीनच चालतात: त्या जागेचं रक्षण, तिथं येणाऱ्या माणसांचं आरोग्य आणि सुरक्षितता, आणि त्या जागेपर्यंत पोचायची वाट खुली राहणं. घातलेलं बंधन त्या कारणाच्या मापाचं हवं. आणि पुढच्याच कलमात म्हटलंय की एखाद्या कौन्सिलला आपल्या अख्ख्या जिल्ह्यात सरसकट बंदी घालता येणार नाही.

"आता बघा," प्लंबर चष्मा कपाळावर ढकलतो. "'माझ्या खिडकीतून तळं दिसायचं, आता व्हॅन दिसते.' हे या तिन्हींत कुठं बसतं?"

"नाही बसत," लोकरवाला म्हणतो.

"'आमच्या कॅम्पग्राउंडचा धंदा बसला'?"

"नाही."

"'लोक नाल्यात संडासाची टाकी ओततात'?"

कुणी बोलत नाही.

"हे बसतं," प्लंबर म्हणतो. "पहिल्यातही बसतं आणि दुसऱ्यातही. आपल्यातला एक जण हे करतो आणि त्यांच्या बाजूनं सगळा खटला लढून देतो."

हे वाक्य तो फार शांतपणे बोलतो. चळवळीतल्या माणसाला आपल्याच बाजूच्या लोकांवर चिडता यावं लागतं. बहुतेकांना ते जमत नाही.

बसवाला तरुण बाप विचारतो, "आणि गाडी चालवताना डुलकी आली म्हणून रस्त्याकडेला झोपलो तर?"

"तो मुक्काम नव्हेच. झोप अनावर झाली म्हणून थांबणं कायद्यानं वगळलंय. दिवसाची सहलही वगळलीय. ज्याला राहायला घर नाही आणि म्हणून जो गाडीत राहतो, त्यालाही २०२३ पासून वगळलंय." एवढं बोलून तो थांबतो. "ही सगळ्यात चांगली दुरुस्ती. पण त्या माणसाची बाजू मांडायला हॅपी आवरला कोण येतं?"

त्यानं सांगितलेलं एक कलम मला फारच आवडलंय. रस्ता, गाडी पोचते अशी जागा, समुद्रकिनारा किंवा 'ग्रेट वॉक' म्हणून नोंदलेली पायवाट, यांच्यापासून २०० मीटरच्या आत राहिलात तरच तो फ्रीडम कॅम्पिंग. पाठीवर तंबू टाकून या सगळ्यांपासून दूर, आत डोंगरात गेलात तर हा कायदा तुमच्या वाटेला येत नाही. २०२३ ची संडासाची अटही गाड्यांनाच आहे, तंबूला नाही. कायद्याला निसर्गात झोपणाऱ्या माणसाशी वैर नाही. त्याला धाक आहे तो मोटारीचा, कारण मोटारीबरोबर गर्दी येते.

मग तो पराभवही सांगतो. २०१४ मध्ये उत्तर बेटावरच्या थेम्स-कोरोमंडल कौन्सिलविरुद्ध संस्था हायकोर्टात गेली होती आणि हरली होती. शिवाय कौन्सिलांना मागचा दरवाजा आहेच. १९७७ चा रिझर्व्ह कायदा. जी जमीन राखीव म्हणून नोंदवलेली आहे, तिच्यावर खास परवानगीवाचून तळ ठोकता येत नाही. तिथं २०११ च्या कायद्याची तीन कारणं वगैरे कुणी विचारत नाही. तळ्याकाठच्या, समुद्राकाठच्या कितीतरी हिरवळी अशा राखीव नोंदीत आहेत. म्हणजे पुढच्या दारानं हरलेली कौन्सिल मागच्या दारानं तीच बंदी आणू शकते.

"मग लढून उपयोग काय?" नेल्सनचे काका विचारतात.

उत्तर प्लंबर देत नाही. आतापर्यंत विणकाम करत गप्प बसलेल्या एक आजी देतात. सुया खाली ठेवून त्या पाण्याकडे बोट करतात.

"आमची जर्दाळूची बाग त्या खाली आहे."

सगळे तिकडे बघतात. पाणी निळं, एक स्पीडबोट गोल मारतेय.

हे सरोवर नैसर्गिक नाही. खाली क्लाइडला धरण बांधलं, १९९२-९३ मध्ये टप्प्याटप्प्यानं पाणी भरलं आणि दरीतल्या फळबागा, रस्ता, जुन्या क्रॉमवेलची बाजारपेठ पाण्याखाली गेली. हे मी पुस्तकात वाचलं होतं. आजी सांगतात ते वेगळं. बागायतदार कोर्टात गेले होते. धरणाची वीज ज्या ॲल्युमिनियमच्या कारखान्याला द्यायची होती तो कारखानाच बारगळला, मग धरण कशाला, हा त्यांचा मुद्दा होता. तो मान्य झाला. पाण्याची परवानगी नाकारली गेली. बागायतदार जिंकले. आणि त्याच वर्षी, १९८२ मध्ये, सरकारनं संसदेत खास कायदा आणून धरणाला परवानगी देऊन टाकली.

"माझे वडील कोर्टात जिंकलेले होते," आजी म्हणतात आणि सुया पुन्हा हातात घेतात.

कोयना, उजनी, जायकवाडी ऐकत वाढलेल्या माणसाला गाव बुडाल्याची गोष्ट नवीन नाही. नवीन एवढंच की इथं हरलेलं सरकार रीतसर जिंकून दाखवतं. आणि आणखी एक गोष्ट मला तिथं बसल्या बसल्या उमगते. हा काठ आज कुणालाही मोकळा आहे, कारण तो सरकारी आहे. आणि सरकारी आहे, कारण धरणासाठी तो कुणाकडून तरी घेतलेला आहे. बाग असती तर आम्ही कुंपणाबाहेर असतो. फुकटच्या मुक्कामाचं भाडं आजींच्या वडिलांनी भरलंय. आजी स्वतः दर उन्हाळ्यात इथं येऊन राहतात, बागेच्या वरती. त्यांना त्यात काही चमत्कारिक वाटत असेल तर त्या दाखवत नाहीत.

प्लंबर हळूच म्हणतो, "म्हणून म्हणतो. निकाल संसद एका दुपारी पुसून टाकते. गावातली माणसं आपल्या बाजूनं असली तर मात्र ते सोपं नाही."

म्हणजे काय करायचं, तेही त्याच्याकडे तयार आहे. ज्या गावात रात्र काढाल तिथं जाऊन बोला. दुकानदाराला सांगा की आम्ही तळ्यावर उतरलोय. कौन्सिलकडे मैल्याचं केंद्र मागा, संस्था पैसे घालते म्हणून सांगा. तक्रार करणाऱ्या शेजाऱ्याच्या दारात जाऊन चहा प्या. संस्थेच्या यादीत 'मोटरहोम फ्रेंडली' गावं आहेत, वेशीवर तशी पाटी लागते. ती पाटी एकेका गावाला पटवून लावून घेतलेली आहे. हे सगळं कंटाळवाणं काम आहे, आणि त्याच्या तोंडून ऐकताना ते कंटाळवाणंच वाटतं. त्याला त्याचं काही नाही.

साडेआठला ऊन तिरपं होतं, खुर्च्यांच्या सावल्या पाण्याला टेकतात. तेवढ्यात एक जुनी स्टेशन वॅगन आत येते. मागची सीट काढून गादी घातलेली, खिडक्यांना टॉवेल लावलेले. दोन तरुण पोरी उतरतात. वर्किंग हॉलिडेच्या व्हिसावर आलेल्या असाव्यात. दिवसभर चेरी तोडून बोटं काळी झालीत. काचेवर कार्ड नाही. ना हिरवं, ना निळं.

गोलात चुळबुळ होते. कुणीतरी जीभ चुकचुकवतं. "हेच. यांच्यामुळेच," नेल्सनच्या काकू पुटपुटतात.

प्लंबर उठतो. मलाही राहवत नाही, पाणी पिण्याच्या निमित्तानं मी मागोमाग जाते.

"इथं कार्डाशिवाय राहता येत नाही, पोरींनो."

"तो काय संडास," एक पोरगी सार्वजनिक संडासाकडे हात करते. तो पन्नास पावलांवर आहे. "आम्ही तो वापरतो. केर क्रॉमवेलला नेऊन टाकतो. भांडीसुद्धा तळ्यात धूत नाही. तुम्ही चार दिवस इथं बसून सांडपाणी साठवता. आम्ही काहीच साठवत नाही. घाण कुणाची जास्त?"

"प्रश्न घाणीचा नाही. पकडली गेलात तर दंड आहे."

"केवढा?"

"चारशे डॉलरपासून पुढे. पूर्वी दोनशे होता."

ती मनात हिशेब करते. चारशे डॉलरच्या चेरी किती होतात कोण जाणे, पण तोंड पडतं.

"आणि आमच्या गाडीत तुमचा तो कायमचा संडास बसवायचा कुठं? डोक्यावर?"

प्लंबर हसतो. खरंच हसतो. मग टपावर हात टेकून तो तिला सविस्तर सांगतो. दहा-पंधरा मिनिटांवर पैसे भरून राहायचा तळ कुठे आहे, ऑफिस बंद झालं असलं तरी पाकिटात पैसे टाकून आत कसं जायचं, फोनवरच्या कोणत्या ॲपमध्ये कार्ड नसलेल्या गाड्यांना चालणाऱ्या जागा शोधता येतात. पोरी ऐकून घेतात. गाडी सुरू करताना दुसरी, आतापर्यंत गप्प असलेली, खिडकीतून म्हणते, "तुमच्या त्या संस्थेत आम्हाला घ्याल?"

तो काहीतरी बोलतो, पण इंजिनाच्या आवाजात मला ऐकू येत नाही.

मी परत येऊन बसते आणि मला सरपंच आठवतात. आपल्याकडे महाराष्ट्रात ग्रामपंचायतीची निवडणूक लढवायची तर घरी संडास आहे आणि तो वापरला जातो, असा दाखला लागतो. हेतू चांगला होता, गावं स्वच्छ झालीही असतील. पण ज्याच्याकडे संडास बांधायला जागाच नाही, तो नागरिकच कमी प्रतीचा, असं त्यातून आपोआप ठरून जातं. इथंही संडास गाडीला पक्का बसवलेला आहे की नाही यावर माणूस आत की बाहेर ते ठरतंय. पोरीचा प्रश्न बिनतोड होता. कायदा माणसाचं वागणं तपासत नाही, गाडीचं सामान तपासतो, कारण सामान दिवसा, काचेतून, पावती पुस्तक हातात धरून तपासता येतं. वागणं तपासायचं तर पहाटे झुडपामागे उभं राहावं लागेल.

मला दोन्ही बाजू कळतात, पण मत विचाराल तर ते असं. ही अट नसती तर २०११ ची मोकळीक आजपर्यंत टिकली नसती. २०१८ च्या सुमाराला क्वीन्सटाउनजवळच्या लेक हेजच्या काठावर इतकी घाण झाली होती की ती जागाच बंद करावी लागली. ते कुणा कॅम्पग्राउंडवाल्याचं कारस्थान नव्हतं. तेव्हा टाक्या मोजणं भाग होतं. पण टाकीवाल्यांची एकजूट म्हणजे सगळ्या मुक्कामी लोकांची एकजूट, असं जे गोलात गृहीत धरलं जातंय ते मला पटत नाही. बंदी आणणारा उद्या निळं कार्ड, हिरवं कार्ड, कार्डच नाही असा भेद करणार नाही. त्याच्या खिडकीतून सगळ्या व्हॅन सारख्याच दिसतात. आज स्टेशन वॅगनमध्ये झोपणारी पोरगी तीस वर्षांनी मोटरहोम घेणार आहे, किंवा तिच्या देशात परत जाऊन या देशाबद्दल बोलणार आहे. तिला दंडाची भीती घालून पाठवण्यापेक्षा मसुद्यावर लिहायला बसवलेलं बरं. प्लंबरला हे कळलंय असं वाटतं. नेल्सनच्या काकूंना नाही.

निळ्या कार्डवाल्यांमध्येही आज अस्वस्थता आहे. खासगी गाड्यांसाठी हिरव्या कार्डाची मुदत एक वर्षानं वाढवून ७ जून २०२६ केलीय. तोवर निळं चालेल. लोकरवाल्याची व्हॅन निळ्या कार्डाची आहे. संडास कायमचा बसवायचा तर कपाट काढावं लागेल, आणि त्या कपाटात मासेमारीच्या काठ्या राहतात.

"काठ्या की संडास," तो म्हणतो. "बायको म्हणते संडास. मी अजून विचार करतोय."

प्लंबर खिशातून टेप काढून तिथल्या तिथं त्याच्या व्हॅनमध्ये शिरतो. दार उघडं. आतून मापं ऐकू येतात. तपासून दाखला देण्याची जबाबदारी आता प्लंबर, गॅसफिटर आणि ड्रेनलेअर यांच्या राष्ट्रीय मंडळाच्या देखरेखीखाली आहे. मंडळाच्या नोंदवहीत गाडीची नोंद होते आणि कार्ड चार वर्षं चालतं. फुकट झोपण्याच्या स्वातंत्र्यावर ड्रेनेजवाल्यांचा शिक्का! स्वातंत्र्याचा याहून प्रामाणिक राखणदार मी तरी पाहिलेला नाही.

दहाला अंधार पडतो. गोल मोडतो, ज्याची त्याची खुर्ची घडी होते, कुणीही निरोपाचं भाषण करत नाही. आम्ही आत येतो. भाची भांडी घासते ती एका वाटीभर पाण्यात, आणि मला डोळ्यांनी दटावते कारण मी नळ सोडून बघत उभी आहे. माणशी दिवसाला चार लिटर, तीन दिवसांचे बारा, हा या सेल्फ-कंटेन्ड गाड्यांचा जुना हिशेब. पिण्याला, स्वयंपाकाला, धुण्याला, सगळ्याला मिळून चार. लातूरला रेल्वेनं पाणी आलेलं ज्यानं बघितलंय त्याला हे अवघड जाऊ नये. मला जातं. वापरलेलं सगळं पाणी खालच्या टाकीत जातं आणि तिथंच राहतं. तळ्याच्या पाण्यापासून आम्ही वीस पावलांवर आहोत आणि त्यात साबणाचा एक थेंबही जायला नको.

माओरी लोकांचा या बाबतीतला दंडक कायद्याहून जुना आहे आणि कडकही. ज्या पाण्यातून अन्न मिळतं त्याला माणसाच्या मैल्याचा स्पर्श होणं त्यांच्या लेखी विटाळ आहे. नदीकाठी, तळ्याकाठी नुसतं उघड्यावर बसणंही त्यात आलं. भाचीच्या हॉस्पिटलात नव्या माणसाला हे पहिल्या आठवड्यात शिकवतात: जेवणाच्या टेबलावर भांडं कोणतं ठेवायचं आणि कोणतं नाही. तिला त्याचं नवल वाटलं नव्हतं. आजीच्या घरातलं सोवळं तिनं पाहिलेलं आहे.

सकाळी आठ. क्रॉमवेल. मैला रिकामा करायच्या केंद्रावर रांग आहे. कालच्या गोलातले निम्मे चेहरे इथं भेटतात, केस विस्कटलेले, हातात रबरी मोजे. सगळे एकमेकांना हसून नमस्कार करतात, आणि कुणाच्या हातात काय आहे याबद्दल कुणी बोलत नाही. व्हॅनच्या पोटातून संडासाची पेटी ओढून काढायची, चाकांवरून ढकलत न्यायची, तोंड फिरवून ओतायची, दोनदा विसळायची, निळं औषध घालून परत बसवायची. शेजारी सांडपाण्याची नळी जमिनीतल्या जाळीत सोडायची. भाची हे पाच मिनिटांत उरकते. माझ्या वाट्याला पिण्याच्या पाण्याची नळी येते. दोन नळ अंतर ठेवून बसवलेत, दोघांवर मोठ्या पाट्या आहेत. तरीही मी तिसऱ्यांदा वाचून खात्री करून घेते.

मागे लोकरवाला उभा आहे. त्याच्या हातात सुट्या संडासाचं प्लास्टिकचं खोकं.

"काठ्या टपावर जाणार," तो जाहीर करतो. "ठरलं."

प्लंबर रांगेत नाही. तो केंद्राच्या बाजूला कौन्सिलच्या माणसाशी बोलत उभा आहे. झाकणाची बिजागरी तुटलीय, ती दाखवतोय. माणूस फोनवर फोटो काढतो. प्लंबर खिशातून पाना काढून दाखवतो, म्हणजे आत्ताच करून टाकतो म्हणून. माणूस मान हलवतो, नको नको, नियम आहे. प्लंबर पाना खिशात ठेवतो आणि खिशातून कालच्या कायद्याची प्रत काढतो.

आपल्याकडून न्यूझीलंडला जाणाऱ्या आणि कॅम्परव्हॅन भाड्यानं घेणाऱ्या कुटुंबांची संख्या वाढतेय, म्हणून हे सांगून ठेवते. गाडी ताब्यात घेताना आधी काचेवरचं हिरवं कार्ड बघा, त्यावरची तारीख आणि किती माणसांसाठी आहे ते बघा. संडासाची पेटी कशी काढायची ते तिथंच त्यांच्याकडून करवून बघा, लाजू नका. मुक्कामाच्या जागी पाटी पूर्ण वाचा, कारण एका तळ्यावर चालतं ते दुसऱ्यावर चालत नाही. तळ्यात भांडी, अंग, दात, काहीही धुऊ नका. दंड झाला तर तो गाडीच्या कंपनीमार्फत तुमच्या क्रेडिट कार्डावर येतो, घरी पोचल्यावरही. आणि संध्याकाळी कुणी खुर्च्या गोलात मांडताना दिसलं, तर आपली खुर्ची घेऊन जा. चिवडा भरपूर न्या.